सिनेमा दाखवल्यापासून बाबांचा खर्ज बंद आहे

पत्र:

ताई, मी २८ वर्षांचा, डोंबिवलीत राहतो, आयटीत आहे. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेचा जबरदस्त फॅन आहे आणि त्याचा गाणं शिकणाऱ्या मुलावरचा 'द डिसायपल' नऊ वेळा बघितलाय. माझे बाबा ६६ वर्षांचे, बँकेतून रिटायर झाले, गेली ३५ वर्षं गाणं शिकतायत. दर रविवारी दादरला गुरुजींकडे जायचे, गुरुजी गेल्यापासून घरीच. रोज पहाटे साडेपाचला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून खर्ज भरतात, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज. मोठ्या स्टेजवर कधी गायले नाहीत, दोनदा ऑडिशन दिली होती, झालं नाही. मला वाटलं हा सिनेमा त्यांना दाखवलाच पाहिजे, त्यात त्यांना स्वतःला बघता येईल. म्हणून वाढदिवसाला टीव्हीसमोर बसवलं. मध्ये एकदा मी म्हणालोही, बाबा, अगदी तुमच्यासारखंच आहे ना हे. ते काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "त्या पोराला सुरात गाता येतंय की चांगलं, मग एवढं रडायला काय झालं? फालतू आहे." माझं डोकंच फिरलं, रिमोट सोफ्यावर आपटला आणि तुम्हाला सिनेमा कळत नाही असं बोलून गेलो. आता तीन आठवडे झाले, पहाटेचा तानपुरा बंद आहे. आई माझ्याशी नीट बोलत नाही. बाबांना कळावं म्हणून मी तीन रिव्ह्यू आणि एक इंटरव्ह्यू व्हॉट्सॲपवर पाठवले, ब्लू टिक आली, उत्तर नाही. आता त्यांना ताम्हाणेचाच आधीचा 'कोर्ट' दाखवू का? तो तरी पटेल? की नादच सोडू?

– नऊ वेळा बघितलेला

उत्तर:

अरे नऊ वेळा बघितलेल्या,

आधी एक कबुली देते म्हणजे तू मला शत्रुपक्षात टाकणार नाहीस. मी पण फॅन आहे. नऊ वेळा नाही, तीन वेळा बघितलाय, त्यातला एकदा अर्धा, कारण मध्ये गॅस सिलेंडरवाला आला. पण फॅन आहे. ३० एप्रिल २०२१ ला नेटफ्लिक्सवर आला तेव्हा बाहेर कोविडची दुसरी लाट होती, आपण सगळे घरात कोंडलेले, आणि सिनेमातल्या त्या शरद नेरुळकरची मोटरसायकल रात्रीच्या रिकाम्या मुंबईतून स्लो मोशनमध्ये जातेय, कानात हेडफोन, हेडफोनमध्ये माईंचा, म्हणजे त्याच्या गुरुजींच्याही गुरूंचा, तो शांत, जरबेचा आवाज. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. आणि सुमित्राताई त्याच एप्रिलच्या १९ तारखेला गेल्या होत्या, अकराच दिवस आधी. त्यामुळे मला पहिल्यांदा बघताना सिनेमा कमी आणि तो आवाजच जास्त ऐकू आला. तर मला पटवायची गरज नाही. व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत २००१ च्या 'मॉन्सून वेडिंग'नंतर पहिल्यांदा भारतीय सिनेमा गेला आणि तो मराठी होता, पटकथेचं बक्षीस घेऊन आला, 'रोमा'वाल्या अल्फोन्सो क्वारोनचं नाव एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर म्हणून लागलं, हे सगळं मला पाठ आहे. तुझ्या बाबांनाही आता पाठ झालं असेल, तीन रिव्ह्यू पाठवलेस म्हणतोस ना.

ते आधी बंद कर. म्हणजे आजपासूनच. एखाद्या माणसाला भाजी आवडली नाही तर आपण त्याला त्या हॉटेलचं सर्टिफिकेट दाखवत नाही.

आता तुझ्या पत्राकडे येऊ. मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याला ठेचकाळले. "त्यात त्यांना स्वतःला बघता येईल." बाळा, काय बघता येईल? जरा शांतपणे आठव त्या सिनेमात काय आहे. एक मुलगा आहे, त्याचा बाप गाण्याच्या वेडाने झपाटलेला पण स्वतः कुठे पोचला नाही, तो आपलं अर्धवट राहिलेलं सगळं पोराच्या अंगावर घालतो. पोरगा गुरुजींची सेवा करतो, अंग चेपतो, दवाखान्यात नेतो, स्पर्धेत बसतो, नाव पुकारलं जात नाही. वर्षं जातात, मिशी येते, पोट सुटतं, जुनी रेकॉर्डिंग्ज डिजिटाइझ करायच्या धंद्यात पडतो, रात्री स्वतःच्या व्हिडिओखालच्या कॉमेंट वाचत बसतो. शेवटी एकदा स्टेजवर गाता गाता थांबतो आणि उठून जातो. हे सगळं तू ६६ व्या वाढदिवसाला बापाला दाखवलंस आणि मध्येच म्हणालास, अगदी तुमच्यासारखंच आहे ना.

तुझ्या मनात प्रेमच होतं, मला माहितीये. तुला म्हणायचं होतं की बाबा, तुमची तपश्चर्या मला दिसते. पण त्यांच्या कानावर काय गेलं असेल? माझ्या पोराच्या मते मी हा आहे. जो जमलं नाही म्हणून रडतो, तो.

आणि मधले ते रात्रीचे सीन, शरद एकटाच कम्प्युटरसमोर नको ते बघत बसतो ते! तू आईबाबांच्या मध्ये बसून ते बघितलेस, सांगितलं नाहीस पत्रात, पण बघितलेच असणार ना, फॉरवर्ड थोडीच केलं असशील, तू पडला ताम्हाणेचा भक्त. आईने पाणी आणायला उठून जाण्याची वेळ नेमकी तीच असणार. असो.

आता बाबांचं ते वाक्य घे. तू ते "त्यांना कळलं नाही" याचा पुरावा म्हणून पाठवलंयस. मला तर तो या सिनेमाबद्दल ऐकलेल्यातला सगळ्यात नेमका अभिप्राय वाटला, खरंच सांगते. "त्या पोराला सुरात गाता येतंय की चांगलं." बरोबर आहे! आदित्य मोडक हा मुळात शिकलेला गायक आहे, शरदचं काम करायला गायक घेतला, त्याला नट केला, आणि गातो तो स्वतः. गुरुजी झालेले पंडित अरुण द्रविड तर जयपूर-अत्रौली घराण्याचे, मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई आमोणकरांकडे शिकलेले. यात ओठ हलवण्याचा प्रकार नाही. म्हणजे शरद बेसुरा नाहीच. तू मी काय करतो, सिनेमाच्या भाषेवरून ओळखतो की हा कमी पडतोय, कारण कॅमेरा तसा ठेवलाय, समोरचे रिकामे चेहरे दाखवलेत, गुरुजी मागून टोकतात. तुझ्या बाबांनी ते बघितलंच नाही, त्यांनी कान लावला. आणि ३५ वर्षांचा कान म्हणाला की पोरगं सुरात आहे, मेहनती आहे, तालीम बरी आहे. मग अडचण काय?

अडचण काय, हाच तर त्या सिनेमाचा अख्खा प्रश्न आहे रे. त्याच्याकडे मुळात ती ठिणगीच नाही, की माईंच्या त्या कडक बोलण्याने त्याला आतून बांधून टाकलंय, की काळच बदलला, की 'मोठा गवई' सोडून दुसरं काही व्हायचंच नाही या हट्टाने मारला, ताम्हाणे कुठेच सांगत नाही. आपण फॅन लोक त्याला "ओपन एंडेड" म्हणून टाळ्या वाजवतो. बाबांनी तोच प्रश्न सरळ मराठीत विचारला आणि तू रिमोट आपटलास.

रिमोटवरून आठवलं. तुला तो सीन आठवतोय ना, नऊ वेळा बघितलायस म्हणजे आठवणारच, तो रेकॉर्डिंग जमवणारा जाणकार माणूस भेटतो, आणि माईंबद्दल, गुरुजींबद्दल थंडपणे काहीबाही सांगायला लागतो. खरं की खोटं आपल्याला कळत नाही. शरद ऐकतो ऐकतो आणि ग्लासातलं पाणी त्याच्या तोंडावर मारून निघून जातो. का मारतो? कारण आयुष्य ज्या मूर्तीच्या भरवशावर चाललंय तिला कोणीतरी नख लावलं. मला तो या सिनेमातला सर्वात दुःखी सीन वाटतो, शेवटापेक्षाही. फॅन असणं म्हणजे काय ते तिथे दिसतं. आता तुझ्या हॉलमधला सीन आठव. पाण्याऐवजी रिमोट. माईंऐवजी ताम्हाणे. सिनेमात स्वतःला बघायचं होतं ते बाबांनी एकट्यानेच का?

(चिडलास का? चिड थोडा. मग पुढे वाच.)

आता मुख्य गोष्ट, खर्ज का बंद झाला. तुला वाटतंय सिनेमा बघून त्यांना स्वतःचं अपयश दिसलं आणि ते खचले. मला नाही वाटत. जो माणूस ३५ वर्षं, रविवारी, सेंट्रलच्या मेगाब्लॉकच्या दिवशी, डोंबिवलीहून दादरला जाऊन शिकलाय, त्याला दोन ऑडिशनचा निकाल कधीच पचलाय. तो काही १२७ मिनिटांत नव्याने कळणार नाही. माझा अंदाज वेगळा आहे. पहाटे साडेपाचला तो माणूस गायचा तेव्हा घर झोपलेलं असायचं. निदान त्याला तसं वाटायचं. खर्ज हा ऐकवायचा प्रकारच नाही. खालच्या सा वर आवाज ठेवून बसायचं, श्वास पुरेपर्यंत, परत, परत. बाहेरच्याला वाटेल फ्रीज चालू आहे. त्याला श्रोता नको असतो, नव्हे चालतच नाही. आणि आता त्यांना कळलंय की बाजूच्या खोलीत एक माणूस जागा आहे, तो ऐकतो, आणि ऐकून त्याने मत बनवलेलं आहे. तू घरात परीक्षक बसवलास रे. कसा निघेल सा?

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, गाण्याचे क्लास घेतात, नाव नाही सांगत. त्यांच्या सासूबाई एकदा कौतुकाने म्हणाल्या, हल्ली तुझा वरचा षड्ज छान लागतो हं. बाईंनी पुढचे दोन महिने दार खिडक्या लावून रियाज केला. कौतुकाने ही गत, तू तर थेट तुलना केलीस.

म्हणून माझा पहिला सल्ला फार साधा आहे आणि तुला फालतू वाटेल. पहाटे सव्वापाचला उठ आणि घराबाहेर पड. दूध आणायला जा. पिशवी जवळच्या डेअरीवर मिळते तरी लांबच्या डेअरीवर जा. आईलाही घेऊन जा चालायला, तिच्याशी पण बोलायचंय तुला. पाऊण तास घर रिकामं ठेव. काही सांगू नकोस, "तुम्हाला रियाज करता यावा म्हणून" असलं काही तर अजिबात बोलू नकोस. परत येताना जिन्यात चपलांचा जरा आवाज कर. आणि पहिल्या दिवशी तानपुरा ऐकू आला नाही तर तोंड पाडून बसू नकोस, पहिल्या आठवड्यात नाहीच येणार कदाचित. एक मात्र बघ, नुसता घसा बसलाय किंवा तब्येतीचं काही आहे असंही असू शकतं. तीन आठवड्यांत आईला विचारलंस का? पत्रात कुठे दिसलं नाही. तुला सगळं सिनेमावरूनच सुचतंय.

दुसरं, माफी. सिनेमा दाखवल्याबद्दल मागू नकोस, चांगला सिनेमा दाखवलास, त्यात काही चूक नाही. "तुमच्यासारखंच आहे" आणि "तुम्हाला सिनेमा कळत नाही" या दोन वाक्यांची माग. दोन मिनिटांत, चहा पिताना, इकडे तिकडे बघत मागितलीस तरी चालेल, बाप लोकांना डोळ्यात डोळे घालून मागितलेली माफी झेपत नाही, ते लगेच पेपर उघडतात. ते "ठीक आहे, ठीक आहे" म्हणतील, तेवढं पुरे.

आणि मग काही दिवसांनी, घाई न करता, विचार. बाबा, तो सुरुवातीला गुरुजी गातात तो कुठला राग होता? पोराचं नक्की काय चुकत होतं? तुमचे गुरुजी असे मध्येच टोकायचे का? तुला खरंच माहीत नसलेल्या गोष्टी विचार, इंटरव्ह्यू घेतोय असं करू नकोस. ते म्हणाले की गुरुजींचं दाखवलेलं सगळं खोटं आहे, तर "का" एवढंच विचारून गप्प बस. वरच्या त्याच बाईंना सिनेमा मुळीच आवडला नव्हता, माहितीये? त्या म्हणाल्या, यात गाण्याचा आनंद कुठंय, आम्ही काय एवढी वर्षं कण्हतच गातो का. आणि त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मी फॅन असून सांगते, ताम्हाणे लांब उभा राहतो, कॅमेरा जागेवर, माणसं फ्रेममध्ये छोटी, बघा आणि तुम्हीच ठरवा. हे लांब उभं राहणं 'कोर्ट'मध्ये मला माणुसकीचं वाटलं होतं. इथे शरदच्या बाबतीत कधी कधी थोडं निष्ठुर वाटतं. शरदच्या एका विद्यार्थ्याची आई, पोराने फ्यूजन बँडमध्ये गायलं तर चालेल का म्हणून विचारायला येते आणि शरद तिला कसं तोडून टाकतो, तिथे मला वाटलं, अरे एकदा तरी या माणसाला गाताना सुखात दाखव. तुला नाही वाटत? नसेल वाटत. पण वाटणारा माणूस अडाणी नसतो, एवढं धर.

आता 'कोर्ट'. दाखवू का म्हणतोस. यावर माझी एक आठवण सांगते. एप्रिल २०१५ मध्ये तो थिएटरला लागला तेव्हा मी आईला घेऊन गेले. नुकतंच राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून नाव झालेलं, मी तुझ्यासारखीच उड्या मारत होते. आई जन्मभर कारकून होती एका ऑफिसात. मला सगळं तो शाहीर, नारायण कांबळे, त्याच्यावरची ती केस, गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली म्हणे, हे बघायचं होतं. वीरा साथीदार काय माणूस होता, खऱ्या आयुष्यातला चळवळीतला, नट म्हणून आणलेला वाटतच नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने तोही गेला. तर शेवटाकडे तो कोर्टरूमचा सीन येतो, सुट्टी लागते, लोक निघून जातात, दिवे एकेक करून बंद होतात आणि अंधार. बराच वेळ अंधार. आमच्या थिएटरात लोक चपला शोधायला लागले, आईने पर्स खांद्याला लावली, एक काका तर "झालं का?" असं मोठ्यांदा म्हणाले. आणि मग एकदम जज्जसाहेब सहलीला! लोक परत खाली बसले, थोडे ओशाळून. मला अजून वाटतं तो अंधार ताम्हाणेने आमच्यासाठीच ठेवला होता, उठा, तुम्हाला घाईच आहे ना म्हणून. तेव्हा तो २८ चा, तुझ्याच वयाचा.

मी बाहेर पडताना भारावलेली, बोलायला कोणीतरी हवं होतं. रिक्षात आई म्हणाली, "ती वकीलबाई घरी आल्यावर बसलीच नाही गं." बस, एवढंच. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील, कोर्टातून निघते, ट्रेनमध्ये साडीच्या, तेलाच्या गप्पा, पोराला घ्यायचं, घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं. मी त्या बाईला खलनायिका म्हणून बघत होते, एका निरपराध शाहिराला अडकवणारी. आईने ३० वर्षं ती ट्रेन पकडलेली. मला तेव्हा इतका राग आला, म्हटलं एवढा मोठा सिनेमा आणि हिला पोळ्या दिसल्या. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा मी नुसती ती बाई बघत होते. ती खरंच बसत नाही.

म्हणून 'कोर्ट' आत्ता दाखवू नकोस. वाईट आहे म्हणून नाही, तू बदला घ्यायला दाखवशील म्हणून. हा नाही पटला तर तो घ्या, तो नाही तर मुलाखत घ्या. तू सेल्समन झालायस. बाबांना कधी वाटलं तर ते स्वतः विचारतील त्या दिग्दर्शकाचा अजून एक आहे ना रे, आणि नाही विचारलं तरी तुझा ताम्हाणे काही उपाशी मरणार नाही, दर सहा वर्षांनी एक सिनेमा काढणारा माणूस आहे, त्याला थांबायची सवय आहे. तू तुझा सिनेमा दहाव्यांदा बघ, खुशाल बघ, हेडफोन लावून. कदाचित या वेळी शेवटच्या लोकलच्या सीनमध्ये तुला जरा वेगळं दिसेल. डब्यात गात पैसे मागणारा तो माणूस, कोणी ऐकतंय का याची फिकीर न करता गातोय, शरद बायको पोरीबरोबर बसलाय. मी तिसऱ्यांदा बघताना शरदकडे कमी आणि त्या गाणाऱ्याकडे जास्त बघितलं. तुझ्या पत्रानंतर तर मला तिथे सहासष्टीचे एक गृहस्थ दिसणार आहेत, डोंबिवलीचे.

उलट एक कर. त्यांना विचार, तुम्ही मला काहीतरी ऐकवा. तुम्हाला सगळ्यात आवडतं ते. ते बहुतेक कुठलं तरी ५० मिनिटांचं जुनं रेकॉर्डिंग काढतील, मागे खरखर, मध्ये कोणीतरी खोकतंय, पहिली वीस मिनिटं तुला वाटेल काहीच घडत नाहीये. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ये. झोप आली तर येऊ दे, पण उठून जाऊ नकोस. आणि संपल्यावर आवडलं नाही तर खोटं बोलू नकोस, नाही कळलं म्हण. ते रिमोट आपटतात का बघू.

काय होतंय ते कळव मला. आणि दूध एका वेळी अर्धा लिटरच आणत जा, म्हणजे संध्याकाळी परत जाता येईल.

– ताई